साच्यातलं समाधान

“आणि समाधान नसलं तर?” तात्याबुवांनी विचारलं.

हेरंब हसला. “असं कसं होईल, तात्या? साच्यातच आहे ते.”

देवगडच्या खालच्या अंगाला, खाडीवर आमचा लहानसा मठ आहे. मठ कसला, चार खोल्या नि पुढे मांडव. तात्यांच्या डोळ्यांना आता दिसत नाही, म्हणून छापायचं सगळं मी त्यांना वाचून दाखवतो. त्या दुपारी तात्यांच्या शंका-समाधानांच्या दुसऱ्या खंडाचे कागद घेऊन आम्ही मांडवात बसलो होतो आणि हेरंब आपला साचा समजावून सांगत होता. तिसऱ्यांदा! माणूस हुशार, यात वाद नाही. मुंबईत मोठ्या प्रकाशनाच्या पुस्तकांची पानं कम्प्युटरवर लावत होता, ते सोडून इथे आला. पण आपण हुशार आहोत हे तो घडीभरही विसरायचा नाही, आणि मला त्याचा राग यायचा.

“पहिल्या खंडाला मी पातळ्या बांधल्या,” तो म्हणाला. “वर विषय, त्याखाली शंका, त्याखाली समाधान. आकडे कम्प्युटर आपणहून घालतो. एक, मग एक-एक, मग एक-एक-एक. ही बांधणी जतन करून ठेवली की कुठल्याही फायलीत आणता येते. दुसऱ्या खंडाची फाइल उघडली, तोच साचा आणला, आणि अख्खा खंड सरळ झाला. तुमची पुढची सगळी पुस्तकं यातच बसतील.”

“बसतील?”

“एक ओळ बाहेर राहणार नाही.”

तात्या काही बोलले नाहीत…

हल्ली ते असंच करायचे. पहिल्या खंडातले तात्या वेगळे होते. कोणी काही विचारायचा अवकाश, फाडकन उत्तर! गेल्या काही वर्षांत मात्र माणूस विचारायचा, तात्या ऐकायचे, आणि कधी कधी दोघं नुसते बसून राहायचे. मग तो माणूस उठून नमस्कार करून जायचा. टिपणं हेरंबच ठेवायचा. अशा वेळी त्याची लेखणी तशीच हातात राहायची आणि त्याची चिडचिड व्हायची.

“मी गप्प राहिलो, त्या जागी काय केलंस?” तात्यांनी विचारलं.

हेरंबने माझ्याकडे बघितलं. मी कागदांकडे बघितलं.

“तात्या, तिथे नुसता आकडा उभा राहतो. पुढे कोरं. वाचणाऱ्याला वाटेल, छापायचं राहूनच गेलं.”

“मग?”

“मग पहिल्या खंडातलं तुमचंच वाक्य आणून बसवलं. जिथे जे शोभेल ते. एक अक्षर माझं नाही त्यात.”

तात्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही.

तेवढ्यात मांडवाच्या दाराशी चपला वाजल्या. शेवंती कोयंडे आली होती. खालच्या वाडीतली. तिचा नवरा ट्रॉलरवर गेला तो परत आलाच नाही. वादळ झालं, बाकीच्या होड्या आल्या, त्याची नाही. ना होडी मिळाली ना माणूस. पुष्कळ वर्षं झाली त्याला. मागे एकदा ती तात्यांना विचारायला आली होती, की आता त्याचे दिवस करून टाकू का. तात्या तिच्यासमोर दिवेलागणीपर्यंत बसून राहिले होते. शब्द नाही. ती उठून गेली, आणि गळ्यातलं मंगळसूत्र तसंच ठेवून जगत राहिली.

आज तिच्या हातात कापडाची पिशवी होती. आत नवं कोरं धोतर दिसत होतं.

“तात्यांनू,” ती खाली बसत म्हणाली, “तुमच्या नव्या पुस्तकाचे कागद वाडीत इले. माज्या थोरल्या झिलान वाचून दाखवल्यान. माजो प्रश्न आसा त्यात. आणि उत्तर पण आसा.”

मठातल्या जुन्या मंडळींना वाचून बघायला हेरंबने कच्च्या प्रती दिल्या होत्या. तो सरसावून बसला. आपलं पुस्तक लोक वाचतायत, याचा आनंद त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसला.

“उद्या घोवाचे दिवस करतंय,” शेवंती म्हणाली. “भटाक सांगलेला आसा. त्या दिसा तुमी काय्येक बोलाक नाय, म्हणान मी वाट बघीत रवलंय. आता तुमी सांगलास. पण तेवढा एकदा तुमच्या तोंडान आयकूचा होता.”

मी कागद चाळले आणि तिची शंका काढली. खाली समाधान होतं. मी वाचलं, “गेलेलं धरून ठेवू नये. मोकळं करावं, म्हणजे जागा होते.”

“हे मी कोणाला सांगितलं होतं, हेरंब?” तात्यांनी विचारलं.

हेरंबने नजर खाली वळवली.

“कोणाला?”

“गोगट्यांना,” तो हळूच म्हणाला. “त्यांच्या बागेतली कलमं वादळात पडली होती. ते तोडू देत नव्हते…”

आंब्याची पडलेली झाडं! आणि ही बाई त्या शब्दावर उद्या कुंकू पुसणार होती.

शेवंतीला यातलं काही कळलं नव्हतं. ती तात्यांच्या तोंडाकडे बघत होती.

“मी नाही सांगत, शेवंती,” तात्या म्हणाले. “हा सांगेल. उत्तर याच्याजवळ आहे.”

ती हेरंबकडे वळली.

हेरंबने माझ्या हातातल्या कागदाकडे हात केला. तात्यांना दिसत नाही, तरी त्यांनी नेमका त्या कागदावर पंजा ठेवला.

“कागदावरून नको. तिच्याकडे बघून सांग.”

हेरंबने तिच्याकडे बघितलं. ती पदर सावरून बसली होती, एक हात मंगळसूत्रावर. डोळ्यांत पाणी नव्हतं. ती फक्त ऐकायला तयार झाली होती, आणि तो म्हणेल ते ती करणार होती.

त्याने तोंड उघडलं… आणि मिटलं.

खाडीवरून वारा आला. बाकीचे कागद फडफडले, मी ते गुडघ्याखाली दाबले. खरं सांगतो, इतके दिवस मला त्याचा राग यायचा, पण त्या वेळी मला त्याची दया आली.

“ताई,” शेवटी तो म्हणाला, “ते… ते उत्तर तुमचं नव्हे. दुसऱ्याचं होतं, मी तिथे चिकटवलं. मला माहीत नाही, ताई. ते आहेत की गेले, तुम्ही काय करावं… मला काहीच माहीत नाही.”

तो मान खाली घालून बसला आणि रडला.

शेवंतीने त्याच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ही चिडणार. चिडली असती तरी तिचं काय चुकलं असतं?

“माका पण म्हायत नाय,” ती म्हणाली.

मग ती तिथेच बसून राहिली. हेरंबही. तात्याही. उन्हं मांडवातून सरकून अंगणात गेली, तरी कोणी उठलं नाही.

शेवटी तिने पिशवी जवळ ओढली. “उद्याचा रवांदे,” ती म्हणाली. “भटाक निरोप धाडतंय.” तिने तात्यांना नमस्कार केला, जरा थांबून हेरंबलाही केला, आणि ती वाडीच्या वाटेला लागली.

हेरंबने डोळे पुसले. “तात्या, तो साचा मी पुसून टाकतो. सगळ्या फायलींतून.”

“का रे? चांगला आहे की.”

“मग तिच्या शंकेखाली काय लिहू?”

तात्यांनी कागदावरचा हात काढला.

“आकडा घाल… आणि थांब.”