गोजराईची मुडप

फार वर्षांपूर्वीची, घाटाला अजून गाडीवाट झाली नव्हती तेव्हाची ही गोष्ट. घाटाखालच्या कातळवाडीत गोजराई नावाची शिंपीण राहत असे. अख्ख्या गावाचे कपडे ती एकटी हाताने शिवी. तिचा टाका मुंगीच्या पावलाएवढा असे, असे म्हणतात.

तरीही गाव तिच्यावर संशय घेई. कारण दिलेल्या कापडाच्या मानाने कपडा नेहमी आखूड भरे. म्हाळसाकाकूंनी तर पाणवठ्यावर सर्वांदेखत विचारले, "गोजरे, आमच्या रेवूच्या परकराचं कापड तुझ्या पेटीत गेलं की पोटात?" बायका हसल्या. ते हसणे बोटात मोडलेल्या सुईसारखे गोजराईच्या आत राहिले. खरे सांगायला तिने तोंड उघडले. पण सासूची शिकवण आठवून मिटले. अखेर गावकीने ठरवले, सुगी संपताच या चोर शिंपिणीने गाव सोडावे. गोजराईने बोचके बांधले.

सुगीआधीच दरड कोसळली आणि घाटाची वाट बुजली. गोजराईला जायला वाट उरली नाही, तशी कापडाला यायलाही. वर्षांमागून वर्षे गेली. मुले वाढली, कपडे वाढेनात. परकर गुडघ्यावर आला, म्हणून रेवू घराबाहेर पडेना.

शेवटी म्हाळसाकाकू तो परकर घेऊन गोजराईच्या उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. त्यांनी तो पुढे केला. गोजराईने परकर हातातून घेतला आणि खालची शिवण उसवली. आतून एक घडी उलगडली, तिच्यामागून दुसरी. परकर घोट्यापर्यंत उतरला. उन्हापाण्यापासून लपलेला तो पट्टा नव्यासारखा गडद होता.

"तुमचंच आहे, काकू. पोर वाढणार, हे ठाऊक होतं मला."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"बोलले असते, तर तुम्ही दिवाळीलाच त्याची चोळी शिवून घेतली असती. सासूबाई म्हणायच्या, दिसलेलं कापड टिकत नाही."

म्हाळसाकाकूंना रडता रडता हसू आले. इतकी वर्षे कोपऱ्यात बांधलेलेच राहिलेले ते बोचके त्यांनी स्वतःच्या हातांनी सोडले.

मग सारा गाव तिच्या ओसरीवर लोटला. गोजराई उसवीत गेली आणि घड्या संपेचनात. एका अंगरख्याच्या मुडपीतून तर तान्ह्या बाळाची कुंची निघाली, असे म्हणतात. वाट मोकळी होईपर्यंत गावात कोणाचेही अंग उघडे पडले नाही.

आज कातळवाडीत घरोघरी शिलाई यंत्रे चालतात. तिथले कपडे शहरांत जातात. बाळाचे पहिले झबले मात्र हातानेच शिवतात आणि आत चार बोटे कापड मुडपून ठेवतात. त्या घडीला 'गोजराईची मुडप' म्हणतात. बाळ पहिले पाऊल टाकते, त्या दिवशी ती उसवायची असते. जिच्याशी भांडण झाले असेल, त्या शेजारणीलाच त्यासाठी बोलावतात. आणि ती येते.