निस्तारबाई आणि उंबऱ्यावरची ओळ

सिंगोरीटोल्याच्या बोडीवर आज जी जांभळं उभी आहेत, ती लावणारे हातसुद्धा जन्मले नव्हते तेव्हाची ही गोष्ट. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. फार वर्षांपूर्वी त्या बोडीच्या पल्याड नवे रूळ पडले, रुळांवर गाडी आली, आणि गाडीतून बंगालकडचा एक स्टेशनमास्तर आला. हरिपदबाबू त्याचं नाव. त्याच्यामागून त्याची मोठी बहीण उतरली. अंगावर बिनकाठाचं पांढरं लुगडं, केस कापलेले, हातात पत्र्याची पेटी. तिचं नाव निस्तारिणी. एवढं लांब नाव गावाच्या तोंडात बसेना, म्हणून गावाने तिची निस्तारबाई केली.

असं म्हणतात, ती गाडीतून उतरली तेव्हा बोडीतली सगळी कमळं वळून तिच्याकडे बघायला लागली. बघितलं असेल कमळांनी. माणसांनी मात्र पाठ फिरवली. विधवा, परक्या मुलखाची, आणि वर वाचणारी. बायकांनी आपापल्या पोरी आत ओढल्या आणि दारं लावून घेतली.

निस्तारबाई कवी होती. तिच्या गावाकडे, मोठ्या नदीच्या काठी, तिच्या कविता एका मासिकात छापून यायच्या. त्या मासिकाचं संपादनही तीच करायची. कोणाची ओळ लंगडते, कोणाची उगाच लांबते, ते सगळं दिव्याच्या काजळीत डोळे घालून तीच नीट करायची. पण मासिकावर संपादक म्हणून नाव असायचं तिच्या दिराचं. आणि कवितेखालीसुद्धा त्याचंच. घरातली बाई बाजारात नावाने जायची नाही, असा त्या घराचा नियम होता. दिराला शाल मिळाली, दिराला सभेत हार पडले, आणि ती आत बसून त्या सभेसाठी पानं लावत होती. हे सांगताना आमच्याकडच्या म्हाताऱ्या अजून बोटं मोडतात. मोडायलाच हवीत. एवढी वर्षं झाली म्हणून तो दीर काही चांगला झालेला नाही.

नवरा वारला तेव्हा तिने ते घर सोडलं आणि भावाकडे आली. येताना पेटीत काय आणलं असेल? बोरूचं बंडल, शाईची दौत आणि एक निश्चय. ज्याची ओळ, त्याचं नाव. दुसरं काही नाही.

ती बोडीवर धुणं धुणाऱ्या बायकांजवळ बसायला लागली. आधी नुसती बसायची. मग विचारायला लागली, याला काय म्हणता, त्याला काय म्हणता. असं म्हणतात, एका पावसाळ्यात तिने आमची बोली अशी उचलली की म्हशीसुद्धा तिच्या हाकेला यायला लागल्या. बायका हसायच्या.

"काहून वो निस्तारबाई, आमची बोली शिकून का करशील? तुज्या गावाले तं हे कोनी पुसत नाही."

"तुमच्या गावाला तरी कोण विचारतं?" ती म्हणायची. "म्हणून तर शिकते."

मग तिने शाळा काढायची ठरवली. मुलींची. जागा दिली उदाराम मालगुजाराने. मालगुजार म्हणजे गावाचा धनी. जमीन त्याची, बोडी त्याची, न्यायनिवाडाही त्याचाच. त्याचा धानाचा एक जुना कोठा रिकामा पडला होता, तो त्याने दिला आणि पाहुण्यांना सांगायला एक गोष्ट मिळवली. आपली मुलगी भागरता हिलासुद्धा त्याने शाळेत बसवलं. एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. त्यापुढे त्याच्या बाजूने सांगण्यासारखं फारसं काही नाही.

पहिल्या वसंत पंचमीला निस्तारबाईने बोडीची माती कालवून सरस्वती केली. इवलीशी, मांडीवर हंस घेतलेली. मुलींच्या पाट्या, पुस्तकं, बोरू सगळं तिने देवीपुढे मांडलं.

"आज लिहायचं नाही, वाचायचंही नाही," ती म्हणाली. "आमच्याकडे अशीच रीत आहे. आजच्या दिवस सगळी विद्या तिच्याजवळ. उद्या ती पाण्यात जाईल, मग तुमची तुम्हाला परत."

दुसऱ्या दिवशी मातीची देवी बोडीत गेली, विरघळली, आणि मुली धावत येऊन पाट्यांवर तुटून पडल्या. मालगुजार काठावर उभा राहून हे बघत होता. त्याने ती रीत ध्यानात ठेवली. तेव्हा कोणाला वाटलं असतं, की एवढ्या गोड रितीतून कोणी कुलूप घडवील?

शाळा चालली. मुलींना अक्षर आलं, मग शब्द आला, मग निस्तारबाईने त्यांचं मासिक काढलं. हाताने लिहिलेलं, एकच प्रत. ती कोठ्याच्या ओसरीत सुतळीला टांगलेली असायची, येणाऱ्याजाणाऱ्याने वाचावी. प्रत्येक मुलीने आपल्याला दिसलेलं एका ओळीत लिहायचं आणि खाली आपलं नाव. निस्तारबाई एकेका मुलीला शेजारी बसवून ओळ तपासायची. आपला शब्द कधी घालायची नाही. "हा शब्द तुझा नाही, मा. कोणाकडून ऐकून आणलास. तुझा काढ." बंगालीत लेकीला लाडाने मा म्हणतात.

एका अंकात भागरताची ओळ आली.

म्हशीला माझा आवाज कळतो, बापाला कळत नाही.

खाली नाव, भागरता.

ओळ गावभर झाली. मालगुजाराच्या कानावर गेली तेव्हा तो पानाला चुना लावत होता. त्याने चुना पुसला आणि तडक कोठ्यावर आला.

"बाई, ओळ चांगली हाय," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. अशा माणसांना आवाज चढवावा लागत नाही. "राहू द्या. फक्त खालचं नाव काढा."

"ओळ तिची आहे, मालगुजारबाबू. मग नाव कोणाचं घालू?"

"कोनाचंच नका घालू. ओळीले नाव कायले लागते?"

"ओळीला लागत नाही. भागरताला लागतं."

मालगुजाराने मुलीकडे पाहिलं. भागरता खांबाला चिकटून उभी होती, पण ती पुढे येऊन नाव खोडायला तयार झाली नाही. तो हसला आणि गेला. त्या हसण्याची गोष्ट ऐकताना मला दर वेळी धडकी भरते. ओरडून गेला असता तर बरं झालं असतं.

पुढची वसंत पंचमी आली. मुली माती कालवायला बसल्या तोच वाजतगाजत बैलगाडी आली. गाडीत सरस्वती. पांढऱ्याशुभ्र दगडाची, मुलींच्या डोक्यापर्यंत पोचेल एवढी उंच. मालगुजाराने दूरच्या कारागिराकडून घडवून आणली होती. कोठ्यात तिची यथासांग स्थापना झाली. पाट्या, पुस्तकं, बोरू, मासिकाचे सगळे अंक लाल कापडात बांधून तिच्या पायाशी ठेवले. सगळा गाव म्हणाला, वा, मालगुजार म्हणजे मालगुजार.

दुसऱ्या दिवशी मुली पाट्या घ्यायला आल्या. मालगुजार दारात उभा होता.

"थांबा. देवी बसून हाय न अजून. तुमच्याच बाईची रीत हाय. देवी पान्यात गेल्याबिगर पुस्तकाले हात नाही लावाचा."

"पण ही तर दगडाची," भागरता म्हणाली. "ही कधी जानार?"

"हे नाही जानार, पोरी. हे कायमची आली."

असा तो डाव होता. शाळा बंद केली असती तर लोकांनी नावं ठेवली असती. त्याने शाळेचं देऊळ केलं. मुलींना रोज यायचं होतं, रोज हात जोडून बसायचं होतं, आरती म्हणायची होती आणि घरी जायचं होतं. बाहेरून साहेब आले की मालगुजार त्यांना कोठा दाखवायचा. बघा जी, पोरी कशा शांत बसल्या. साहेब माना डोलवायचे. एकालासुद्धा विचारावंसं वाटलं नाही, की या शाळेत पाटी कुठे आहे? मला त्या मालगुजारापेक्षा या मान डोलवणाऱ्यांचाच राग जास्त येतो.

आणि निस्तारबाई? ती कापड फाडून पुस्तकं घेऊ शकली असती. पण ती श्रद्धाळू होती. लहानपणापासून पाळलेली रीत तिच्याच्याने मोडवेना. तिच्याच देवीने तिचे हात बांधले होते, आणि ती गाठ कशी पडेल हे तिनेच पहिल्या वर्षी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं. ती बोडीच्या काठी बसून राहायची. जेवायची नाही. भाऊ म्हणायचा, "दीदी, चल, बदली मागून घेतो." ती मान हलवायची.

असं म्हणतात, एका सकाळी बोडीतून एक बगळा आला आणि तिच्यासमोर ओल्या चिखलात पायाने रेघा ओढत गेला. पाटी नाही, बोरू नाही, शाई नाही. नुसता पाय आणि चिखल. निस्तारबाई उठली ती थेट भागरताच्या दारात गेली.

तिच्या मुलखात बायका तांदूळ वाटून त्या पिठाने अंगणात बोटांनी नक्षी काढतात. आमच्याकडे पांढऱ्या मातीने काढतात, तिला छुई म्हणतात. अंगणात छुई काढू नको असं कोणत्या बाईला कोण सांगणार? निस्तारबाईने भागरताचं बोट हातात धरून छुईत बुडवलं आणि म्हणाली, "लिही, मा. रीत पुस्तकाची आहे. उंबऱ्याची नाही."

त्या दिवसापासून मासिक अंगणात निघायला लागलं. एका दारात एक ओळ, खाली नाव. शाळेत कधीच न आलेल्या सुनासुद्धा शिकायला लागल्या, कारण आता शाळा त्यांच्याच दारात होती. निस्तारबाई सकाळी गल्लीगल्लीतून संपादन करत फिरायची. ओल्या बोटाने एखादा शब्द पुसायची आणि दार वाजवायची. "येणूबाई, हा शब्द तुझा नाही. तुझा काढ." आतून येणूबाई म्हणायची, "थांब वो माय, भाकर करपते." आणि पिठाच्या हाताने येऊन नवा शब्द लिहून जायची.

मालगुजाराने गावातल्या पुरुषांना फर्मावलं, रोज अंगणं सारवा. पुरुषांनी जन्मात पहिल्यांदा शेण कालवलं. सारवलं. असं म्हणतात, शेण वाळलं की अक्षरं खालून पुन्हा वर यायची, पहिल्यापेक्षा पांढरी. म्हाताऱ्या मात्र डोळे मिचकावतात आणि सांगतात, "वर कायची येतील. आमच्या आज्या पुना लिवत होत्या." मला दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात.

वर्ष फिरलं, पुन्हा वसंत पंचमी आली आणि गेली. दुसऱ्या दिवशी निस्तारबाई कोठ्यात शिरली, दगडाच्या देवीसमोर उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "वर्षभर बसून आहे बिचारी. हिला घरी जायचं आहे."

बायका आल्या. मुली आल्या. जी मूर्ती गाडीवरून उतरवायला गडी लागले होते, ती त्यांनी पाटावर घेतली आणि बोडीची वाट धरली. असं म्हणतात, दगड कापसासारखा हलका झाला. मालगुजार धावत काठावर आला.

"बाई, येडी झाली का? दगड इरघळत नसते."

"तुम्हाला ठाऊक होतं तर," निस्तारबाई म्हणाली. "ठाऊक असून तुम्ही तिला कोंडलंत."

देवी पाण्यात गेली. मग मूर्ती गेली तिथून पांढरा रंग पसरायला लागला, तांदळाच्या पिठासारखा, काठापासून काठापर्यंत, आणि कमळांच्या देठांना लागला. त्या बोडीतली कमळं आजही पांढरी आहेत. लाल कापडाची गाठ कोणी सोडली नाही. ती आपोआप सुटली.

मालगुजार घरी निघाला. दारात आला तर उंबऱ्यापुढे ताज्या छुईने ओळ. म्हशीला माझा आवाज कळतो, बापाला कळत नाही. तो ती ओलांडायला गेला. पाय उचलेना. त्याने पायाने पुसायला पाहिलं, ओळ पुसेना. गाव मागे उभं. दारात भागरता उभी, हातावर छुई अजून ओली.

"वाचा बाबा," ती म्हणाली. "वाचल्याबिगर नाही होत."

त्याने ओळ वाचली. पुटपुटला म्हणा. पाय उचलेना.

"नाव राहिलं," भागरता म्हणाली.

आपल्याच मुलीचं नाव मोठ्याने घ्यायला त्या माणसाला किती वेळ लागला असेल. गावभराच्या नावांवर निवाडे देणारा माणूस. शेवटी त्याच्या तोंडून निघालं, "भागरता." तेव्हा पाय उचलला.

निस्तारबाईचं पुढे काय झालं? काही लोक सांगतात, ती देवीच्या मागोमाग बोडीत उतरली आणि पाण्यात मिळून गेली. हे मला मुळीच मान्य नाही. पाण्यात गेलेली बाई काही मागत नाही, कोणाला टोकत नाही, म्हणून लोकांना ती आवडते. निस्तारबाई म्हातारी झाली, तिचे दात पडले, ती लोकांच्या ओळी खोडत राहिली आणि शेवटी आजारी पडून आमच्याच गावात गेली. तिच्या स्वतःच्या कविता बंगालीत होत्या आणि त्या दिराच्या नावानेच राहिल्या. ते नाव कोणत्याही बोडीच्या पाण्याने धुतलं गेलं नाही.

मध्यंतरी गावात तिचा दगडी पुतळा उभारायचं निघालं होतं. बायकांनी साफ नकार दिला. दगड नको म्हणाल्या, दगडाचा अनुभव आहे.

त्याऐवजी सिंगोरीटोल्यात वसंत पंचमीला मातीची सरस्वती बसते आणि दुसऱ्या दिवशी न चुकता पाण्यात जाते. त्या सकाळी घरातली बाई, मुलगी, सून, ज्या कोणाला काही म्हणायचं असेल ती उंबऱ्यापुढे छुईने एक ओळ लिहिते आणि खाली आपलं नाव घालते. ओळ नावासकट मोठ्याने वाचल्याशिवाय घरातल्या कोणाही पुरुषाने उंबरा ओलांडायचा नाही. ज्याला वाचता येत नाही त्याने घरातल्या बाईला विचारायचं, तुझं नाव कसं लिहितात ते दाखव.

सगळ्या दारांत ओळी दर वर्षी नव्या असतात. मालगुजाराच्या एका दारात तेवढी जुनीच. तिथे आता त्याच्या पणतवंडांची मुलं राहतात, शहरात शिकतात, घाईत असतात. तरी त्या सकाळी पायात बूट घालून ते उंबऱ्याच्या आत थांबतात, खाली वाकतात आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं वाचतात. म्हशीला माझा आवाज कळतो, बापाला कळत नाही.

मग गल्ली गप्प उभी राहते, नाव येईपर्यंत.