वादळवीरचे पंचवीस अंक आणि गुणवंत

एका गावात एक भोळा भाचा होता. भोळा हा शब्द गाव त्याच्या आत्यासमोर वापरायचं. आत्या समोर नसली की दुसरा वापरायचं. भाच्याचं नाव गुणवंत, वय पस्तीस. सांगितलेलं काम तो कधी टाळत नसे आणि एकदा सांगितलेलं कधी विसरत नसे. हे दोन्ही गुण एकाच माणसात असले की काय होतं, ते आता ऐका.

आत्याचं नाव इंदूबाई भोईटे. गावातली पिठाची गिरणी तिची. नवरा, भोईटे मास्तर, शाळेत चित्रकला शिकवायचे. ते वारले, आणि मग गिरणीवरच तिचं घर चालायचं. त्या श्रावणात गिरणीची मोटर जळाली. मेकॅनिकनं मोटरचा नुसता वास घेतला आणि हात जोडले. नवी मोटर तीस हजारांची. तोवर गाव डोक्यावर दळण घेऊन शेजारच्या गावाला जायला लागलं होतं. महिना-दोन महिने हे असंच चाललं तर गिरणीला कायमचं कुलूप लागणार, हे इंदूबाईला कळत होतं. तिच्या जिवाला घोर लागला.

मग तिला मास्तरांची ट्रंक आठवली.

ट्रंकेत ‘वादळवीर’ नावाच्या चित्रकथेचे अंक होते. एक ते पंचवीस, सगळे पन्नास वर्षांपूर्वीचे. हा वादळवीर दर महिन्याला समुद्रावर एका स्मगलरला पकडायचा आणि शेवटच्या पानावर सोडून द्यायचा. सोडला नाही तर पुढच्या महिन्यात काम काय करणार? मास्तरांनी प्रत्येक अंक नवा आणून बटर पेपरात गुंडाळला, वर कडुनिंबाचा पाला घातला आणि ठेवून दिला. जन्मात एकदाही उघडला नाही. वाचला तर झिजेल म्हणून. गावात मास्तर फार हुशार समजले जात.

इंदूबाईनं पेपरात जाहिरात दिली. चार फोन आले. तेव्हा कळलं, की गोष्टीचं पुस्तक न वाचण्यासाठी विकत घेणारी मोठमोठी माणसं या जगात आहेत, आणि ते आधी कुणीच वाचलेलं नसेल तर दहापट पैसे देतात. हे ऐकून गुणवंत पोट धरून हसला. तो हसला म्हणून बाकीचे त्याला हसले.

पुण्याच्या हर्डीकर साहेबांना फक्त एक नंबरचा अंक हवा होता. “दिवाळीनंतर मी स्वतः येतो. तोवर त्याला हवासुद्धा लागू देऊ नका,” म्हणाले. इंदूबाईनं तो अंक आपल्या कपाटात ठेवला आणि किल्ली कमरेला लावली. या गोष्टीत शहाणपणाचं म्हणावं असं एवढंच काय ते घडलं.

राहिले चोवीस. इंदूबाईचे गुडघे एसटीची पायरी चढायला तयार नव्हते. म्हणून गुणवंताला पाठवायचं ठरलं.

फोन करणाऱ्यांपैकी तालुक्याचे निवृत्त पोस्टमास्तर टकले यांनी आधी फोटो मागितले. इंदूबाई म्हणाली, “गुणा, ट्रंक तशीच ने फोटोवाल्याकडं. वाटंत अंक भाईर काढू नगंस.”

गुणवंतानं काढले नाहीत. वाटेतही नाही आणि फोटोवाल्याकडेही नाही. तो चोवीस फोटो घेऊन आला. चोवीस फोटोंत चोवीस वेळा बंद ट्रंक. एका फोटोत ट्रंकेवर गुणवंत बसलेला, कारण फोटोवाल्यानं विचारलं, “तुमचा एखादा काढू का?”

“आरं, ट्रंक इकायचीय का आपल्याला?” इंदूबाईनं कपाळाला हात लावला. “गिऱ्हाइकाला माल दावायचा असतोय. उघडून, सगळा. पानन् पान दावायचं!”

“आदी सांगायचं न्हाई का, आत्ती? आता ध्यानात ठिवतो.”

आणि त्यानं ध्यानात ठेवलं. तो विसरला असता तर किती बरं झालं असतं.

पुढच्या सोमवारी तीन अंक घेऊन तो टकल्यांकडे गेला. टकले आत चष्मा शोधत होते. गुणवंतानं विचार केला, पानन् पान दाखवायचं तर ही पानं एकामागं एक दडून बसलीत. म्हातारा माणूस कुठवर उलटत बसेल? त्यानं अडकित्त्यानं पिना उपटल्या, पानं सुटी केली आणि टकल्यांच्या पडवीतल्या दोरीवर चिमटे लावून वाळत घातली. टकल्यांच्या लुंगीशेजारी वादळवीर फडफडायला लागला. वाऱ्यानं चार पानं शेजारच्या गोठ्यात गेली. ती म्हशीनं पाहिली. नुसती पाहून ती थांबली नाही.

टकले बाहेर आले, चष्मा लावला, पुन्हा काढला.

“हे काय?”

“पानन् पान हाय, मास्तर. निवांत बगा.”

टकल्यांनी निवांत दार लावून घेतलं.

“आरं देवा!” इंदूबाई खाली बसली. “सुटं झालं की मातीमोल झालं रं! येकत्र ऱ्हायला पायजे. घट्ट. येक पान हालता कामा नये.”

“आदी सांगायचं न्हाई का? आता ध्यानात ठिवतो.”

तीन गेले, एकवीस राहिले. इंदूबाईनं बोटांवर हिशोब केला. मोटर निघत होती, वर पत्रेही बदलून होत होते. तिनं स्वतःची समजूत घातली की माणूस चुकतच शिकतो. गुणवंत तर शिकत होताच. शिकणं हाच त्याचा रोग होता.

दुसरं गिऱ्हाईक होतं डॉक्टर मेहता. त्यांना सहा अंक हवे होते. गुणवंतानं गिरणीतून पोती शिवायचं दाभण घेतलं, सुतळी ओवली आणि सहाही अंक आरपार शिवून टाकले. चारी बाजूंनी. वर दोन आडवे टाके, उचलायला सोपं जावं म्हणून. मग तो गठ्ठा त्यानं दवाखान्याच्या टेबलावर आपटून दाखवला.

“बगा डॉक्टर. हालतंय का काय?”

डॉक्टरांनी आयुष्यात हजारभर टाके घातले असतील, पण असे पाहिले नव्हते. त्यांनी कुठून उघडतंय का पाहिलं. कुठूनच उघडत नव्हतं.

“हे वाचायचं कसं?” त्यांच्या तोंडून निघून गेलं.

“तुमास्नी वाचायचं न्हाईच की,” गुणवंत म्हणाला.

खरं बोलल्याबद्दल डॉक्टरांनी त्याला कंपाउंडरकरवी बाहेर काढलं.

इंदूबाईनं तो शिवलेला गठ्ठा मांडीवर घेतला आणि तिला रडूच आलं. मास्तरांनी दर महिन्याला चहा सोडून पैसे वाचवले होते या अंकांसाठी. “आरं मुडद्या, भोकं पाडलीस की रं. जुना कागूद हाय त्यो. मास्तरांच्या आईला मी शेवटपत्तुर कशी जपली, तू बगितलंयस न्हवं? घरातल्या म्हाताऱ्या माणसागत जपावं लागतंय त्याला!”

तिच्या डोळ्यांत पाणी बघून गुणवंतालाही भरून आलं. मनानं तो वाईट नव्हता, हे सांगितलं पाहिजे. मनानं वाईट असता तर इतकं नुकसान करायला त्याला कंटाळा आला असता.

“आदी सांगायचं न्हाई का, आत्ती? आता म्हातारीगत जपतो.”

पंधरा अंक कापडवाले ओसवाल शेठ एकदम घेणार होते. जायच्या आदल्या दिवशी आत्या दळणाची उधारी वसूल करायला बाहेर पडली, आणि गुणवंत म्हातारीच्या आठवणी काढत कामाला लागला. म्हातारीला सकाळी तेल लावायचे. त्यानं कोमट तिळाचं तेल घेतलं आणि पंधराही अंकांना लावलं. पुढून, मागून आणि सांध्यांवर जरा जास्त. म्हातारीला कोवळ्या उन्हात बसवायचे. त्यानं अंक भिंतीला टेकवून उन्हात बसवले. म्हातारीच्या पाठीला शेक द्यायचे. त्यानं तवा तापवून, फडकं गरम करून प्रत्येकाच्या पाठीला शेक दिला. एका अंकाचा कोपरा जरा करपला, तेव्हा त्यानं हळूच विचारलं, “लई गरम झालं का?”

दुसऱ्या दिवशी शेठ पांढऱ्याशुभ्र गादीवर बसले होते. गुणवंतानं अंक समोर मांडले. पानं इतकी पारदर्शक झाली होती, की पहिल्या पानावर वादळवीर होडीत बसत होता आणि त्याच पानातून तो तुरुंगात, लग्नात आणि झाडावर दिसत होता. पूर्ण गोष्ट एका नजरेत होत होती. गादीला तेल लागलं. ते पुसायला गुणवंतानं जवळचं कापड ओढलं. ती शेठनी मुलीच्या लग्नासाठी बाजूला काढून ठेवलेली पैठणी होती.

शेठ काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही. गुणवंतानं घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं, तेव्हा शेजारच्या बायकांनी कानांत बोटं घातली.

इंदूबाई या वेळी रडली नाही. तिचं रडं संपलं होतं. पैठणीपायी तिची हातातली एक पाटली गहाण पडली. “गुणा,” ती शांतपणे म्हणाली, “येक गोष्ट आता काळजावर लिवून ठेव. गिऱ्हाइकाच्या वस्तूला कंदी म्हंजी कंदी हात लावायचा न्हाई. काय करायचं ते आपल्या वस्तूला करायचं.”

“आदी सांगायचं न्हाई का?” गुणवंत म्हणाला आणि त्यानं ते काळजावर लिहून ठेवलं.

आता राहिला एक अंक. मोटर, गिरणी, इंदूबाईचं उरलेलं आयुष्य, सगळं त्या एका अंकावर आलं. ती किल्ली कमरेला लावून झोपायची आणि गुणवंत खोलीत आला तरी कपाटाला पाठ लावून उभी राहायची.

दिवाळीनंतर हर्डीकर साहेब गाडी घेऊन आले. सोबत स्वतःचा एक अंकही आणला होता, ताडून बघायला. तोही एक नंबरच. पण कव्हर नाही, पानं कुरतडलेली, आणि वादळवीरला कुणीतरी पेनानं चष्मा काढलेला. इंदूबाईनं कपाट उघडून आपला अंक बाहेर आणला. बटर पेपर सोडला आणि आतून कालच छापल्यासारखा अंक निघाला. हर्डीकर साहेब अंकावर वाकले.

“बाई, मी तीस वर्षं शोधतोय. या अंकाच्या जगात दोनच प्रती उरल्यात. एक माझी, ही अशी. आणि एक ही.”

“मंग किती द्याल?” इंदूबाईनं विचारलं.

“पस्तीस हजार. रोख आणलेत.”

इंदूबाईनं डोळे मिटून मास्तरांचं नाव घेतलं. मोटर आली. वर पाच हजार आले. पाटलीही सुटत होती. “च्या टाकते,” ती म्हणाली आणि डोळे पुसत आत गेली. जाताना तिनं गुणवंताकडे एकदा पाहिलं. तो हात मागे बांधून उभा होता. तिला बरं वाटलं.

“पस्तीसच का?” गुणवंतानं साहेबांना विचारलं.

साहेब खुशीत होते. खुशीत असलेली शहाणी माणसं नको तितकं समजावून सांगतात. “त्याचं असं आहे, दोन प्रती आहेत ना, म्हणून पस्तीस. जगात एकच असती, तर मग भावाला मर्यादा नाही. ज्याच्याकडे ती असेल, तो मागेल तो भाव.”

“मागंल त्यो?”

“मागेल तो!” साहेब हसले. “जरा हात धुऊन येतो हं. असल्या अंकाला घामट हात लावायचा नसतो.” दोन्ही अंक बाजेवर ठेवून ते मागच्या नळावर गेले.

गुणवंत बाजेजवळ उभा राहिला. त्याला आत्यासाठी काहीतरी करायचं होतं. आजवर आपल्यापायी तिचं फार नुकसान झालं, हे त्यालाही समजत होतं. दोन अंक होते. एकच पाहिजे होता. हिशोब सोपा होता. अंगणात अंघोळीचा बंब पेटलेला होता.

साहेब रुमालाला हात पुसत परत आले. बाजेवर एकच अंक होता. बंबाच्या नळकांड्यातून पिवळा धूर निघत होता आणि गुणवंताच्या चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं.

“झालं काम, साहेब. आता जगात येकच.”

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. ते धावत बंबापाशी गेले, वाकून आत पाहिलं, कपाळावर हात मारून घेतला. मग हळूहळू वळले आणि बाजेकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी रंग आला, मग हसू आलं आणि ते त्यांना काही केल्या दाबता येईना. त्यांनी बाजेवरचा अंक धुतलेल्या हातांनी उचलला, बॅगेत ठेवला. पस्तीस हजारांचं पाकीटही उचललं, तेही बॅगेत ठेवलं आणि चेन ओढली.

इंदूबाई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली.

“ठरला न्हवं भाव?”

“पस्तीस कुठलं घिऊन बसलीस, आत्ती!” गुणवंत म्हणाला. “येक जाळला. आता मागंल त्यो भाव.”

इंदूबाईनं रिकाम्या बाजेकडे पाहिलं. “कुणाचा जाळलास?”

“आपला. गिऱ्हाइकाच्या वस्तूला हात लावीन का मी?”

ट्रेमधल्या कपबशा वाजायला लागल्या. साहेब बॅग छातीशी धरून गाडीत बसले होते. गाडी चालू झाली.

“आता मागणार कोण रं?” इंदूबाईनं विचारलं.

गुणवंतानं मोठ्या कौतुकानं गाडीकडे बोट दाखवलं.

“ते काय, साहेब.”