शिंपिणीचं दार आणि लाल पतंग

एक होती शिंपीण. चिमणीहूनही इवलं पाखरू. चोच हीच तिची सुई. तिनं पानाला पान शिवलं. टुच टुच टुच. झालं घरटं. घरट्यात एकच पिल्लू, पण भारी खादाड.

शिंपीण अळी शोधायला गेली. तेवढ्यात एक लाल पतंग कटला. गोते खात आला आणि घरट्यावरच बसला. झालं दार बंद. आई बाहेर, पिल्लू आत.

"चीं चीं. आई, भूक."

शिंपिणीला रडूच आलं. ती म्हणाली, "पतंगा पतंगा, ऊठ ना."

पतंग म्हणाला, "उठलो असतो गं. पण माझी शेपटी तुटली. शेपटीवाचून उडू कसा?"

शेपटी कुठं? गिरजाकाकूंच्या शेतात. काकूंनी ती काठीला बांधली होती. फडफड फडफड. पोपट पळायचे लांब.

शिंपीण गेली टुणुक टुणुक.

"काकू काकू, शेपटी द्या.
लाल पतंगाला शेपटी,
मग उघडेल दार,
मग पिल्लाला खाऊ."

काकू म्हणाल्या, "दिली असती गं. पण पोपट माझी ज्वारी खातील. बानूताईचा पिवळा पतंग आण, मग देते."

पिवळा पतंग कुठं? बाळाच्या पाळण्यावर. गरगर गरगर. बाळ हसायचं खुदकन.

शिंपीण गेली टुणुक टुणुक.

"ताई ताई, पतंग द्या.
काकूंना पिवळा पतंग,
लाल पतंगाला शेपटी,
मग उघडेल दार,
मग पिल्लाला खाऊ."

बानूताई म्हणाली, "दिला असता गं. पण बाळ रडेल. बाळाचा खुळखुळा आबांकडे आहे, तो आण, मग देते."

आबा कुठं? गच्चीवर. गाल फुगवून बसलेले. मिशा पांढऱ्या, पण पतंगाचं वेड केवढं!

शिंपीण गेली टुणुक टुणुक.

"आबा आबा, खुळखुळा द्या.
बाळाला खुळखुळा,
काकूंना पिवळा पतंग,
लाल पतंगाला शेपटी,
मग उघडेल दार,
मग पिल्लाला खाऊ."

आबा म्हणाले, "दिला असता गं. पण माझा कापडी पतंग फाटला. सुईत दोरा ओवायला मला दिसत नाही. कुणी शिवून दिला, तर देतो."

शिवून? शिंपीण हसली. "एवढंच ना, आबा?"

टुच टुच टुच. टुच टुच टुच. पतंग झाला नवा.

आबांची कळी खुलली. त्यांनी खुळखुळा नेऊन बाळाला दिला. खुळखुळ खुळखुळ. बाळ हसलं खुदकन.
बानूताईनं पिवळा पतंग काकूंना दिला. भिरभिर भिरभिर. पोपट पळाले लांब.
काकूंनी शेपटी दिली. वर म्हणाल्या, "माझ्या ज्वारीवरची अळीपण घेऊन जा. पिल्लू उपाशी असेल."

शिंपिणीनं लाल पतंगाला शेपटी शिवली. टुच टुच टुच. वारा आला सूं सूं सूं. पतंग उठला. गेला वर, वर, वर. तिथं आबांचा पतंग त्याची वाटच बघत होता.

दार उघडलं. पिल्लानं केला मोठा आ. अळी गेली गट्टम.

आणि पिल्लू काय म्हणालं?

"आई, आणखी."

शिंपीण पुन्हा निघाली टुणुक टुणुक. पिल्लाचं भरेल पोट, आपली निजली गोष्ट.