अधांतरी चाक

कोल्हापूरच्या मोटार क्लबची जुनी जीप रॅलीसाठी तयार होत होती. दस्तगीर मिस्त्रीने अध्यक्ष इंद्रजितरावांना आर्जवाने सांगितलं, "सरकार, दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारं डिफरन्शियल असतं ना, ते लॉकचं घालू या. एक चाक घसरलं तरी दुसरं गाडी ओढून काढेल."

"तू पाने फिरव, अक्कल शिकवू नकोस," म्हणत त्यांनी जुनं साधंच ठेवायला लावलं.

व्हायचं तेच झालं. पन्हाळ्याखालच्या चिखलात जीप रुतली आणि रॅली हातची गेली. बक्षीस समारंभात इंद्रजितरावांनी मिस्त्रीला भर मंडपात उभं केलं. "बावीस वर्षं क्लबचं मीठ खातोयस. एक चाक गरगरत होतं आणि दुसरं ढिम्म! सांग सगळ्यांना, असं का झालं?"

दस्तगीरने सरळ सांगितलं, "सरकार, त्या डिफरन्शियलची रीतच तशी. जे चाक जमिनीला धरून असतं, त्याला ताकद मिळत नाही. जे अधांतरी असतं, तेच गरगरतं. बावीस वर्षं आपल्या क्लबात तरी दुसरं काय चाललंय?"

अख्खा मंडप पोट धरून हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दस्तगीरची हत्यारांची पेटी क्लबच्या फाटकाबाहेर पडली होती. तो वाकून ती उचलत होता, आणि काल हसलेली माणसं त्याला वळसा घालून आपापल्या गाड्या आत नेत होती.