साळिंदराने खोदलेला दवाखाना

फार पूर्वी एका डोंगरातल्या प्राण्यांनी आजाऱ्यांसाठी दवाखाना करायचं ठरवलं. खोदण्यात साळिंदराचा हात धरणारं कोणी नव्हतं, म्हणून काम त्याच्याकडे आलं. आजाऱ्यांना वारा लागू नये म्हणून त्याने खोल, वळणावळणाची गुहा खोदली आणि दार अगदी अरुंद ठेवलं. वैद्य मुंगसाला ती फार आवडली.

पहिलंच आलं ते तापाने फणफणलेलं एक पाडस. मुंगसाने त्याला आत नेलं. त्याची आई दारातून आत मावेना.

"तू बाहेरच थांब, बाई. आजाऱ्याला शांतता हवी," मुंगूस म्हणाला.

पाडसाने औषधाला तोंड लावलं नाही. दुसऱ्या दिवशी ते गेलं.

हरिणी दारापासून हलेना. साळिंदर जवळ येऊन म्हणाला, "ताई, मी तर गुहा चांगली मजबूत केली होती."

"केली होतीस. पण माझं लेकरू आतून हाका मारत होतं आणि माझी ओ त्याच्यापर्यंत पोचत नव्हती. खोदण्याआधी आम्हाला कुणाला विचारलंस का रे?"

साळिंदराची मान खाली गेली. मग दुखण्यातून उठलेल्यांना आणि त्यांची उस्तवार केलेल्यांना त्याने बोलावलं. त्यांच्या सांगण्यावरून दार रुंद केलं, वळणं काढून टाकली, आजाऱ्याशेजारी बसायला जागा केली.

"आता बघ, ताई."

हरिणी आत गेली आणि पाडस निजलं होतं तिथे आडवी झाली. तिथूनच म्हणाली, "इथे पडलं की मध्ये भिंतीची कड येते, शेजारी बसलेल्या आईचं तोंड दिसत नाही."

"तशीच पडून राहा," साळिंदर म्हणाला. "मी खोदतो. दिसायला लागलं की सांग."