ढवळीचा गुडघा

जंगलात अस्वलं वैद्यकी करत, त्या काळची गोष्ट. गजरा हत्तिणीच्या गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे दोन हाडांमधली मऊ गादी, झिजली होती. तिला पाऊल टाकवत नव्हतं. वैद्य अस्वलाने कूर्चा पुन्हा वाढवणारं औषध तयार केलं, पण ते अजून कुणालाच दिलं नव्हतं.

ढवळी शेळीचाही गुडघा दुखायचा. "आधी मला द्या," ती म्हणाली.

"पाय अधू झाला तर?" अस्वलाने विचारलं.

"मग तो का झाला, हे तरी तुम्हाला कळेल."

ढवळीचा पाय खरंच अधू झाला. चूक शोधून अस्वलाने औषध बदललं आणि गजरा बरी झाली.

हत्तींचा कळप पाण्याकडे धावला. "तू हो पुढे," ढवळी म्हणाली. पण गजरा तिच्याशेजारी, तिच्याच लंगड्या चालीने सावकाश चालत राहिली.